दोन छटाक अंगारा

३० जून १९५८, अकोला

ही वही चारूने आणून दिली. "बाबा, दर भट्टीला काय टाकलं, किती टाकलं आणि काय निघालं, एवढं लिहीत जा," म्हणाली. पोरगी अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात काय गेली, बापालाच गृहपाठ द्यायला लागली.

तर लिहितो. टाकलं: भंगारातलं बीड, कोक, चुनखडी. निघालं: जिनिंगच्या मशीनच्या नऊ पुल्या. त्यातल्या सात वाया.

वाया म्हणजे पांढऱ्या पडल्या. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, चांगलं असलं की तोडल्यावर आतून राखाडी दिसतं आणि लेथवर निमूट कापलं जातं. पण पातळ कडेला ते झटकन थंड झालं की आतून खडीसाखरेसारखं पांढरं चमकतं, आणि इतकं कडक होतं की हत्याराचं तोंड जातं. आमचा खरादी धर्मपाल आज तिसरं हत्यार मोडल्यावर म्हणाला, "मालक, एक तर मले हिऱ्याचं हत्यार आणून द्या, नाही तर सुट्टी द्या."

अंजनगाव सुर्जीच्या खुशालरावांना दसऱ्याच्या आत साठ पुल्या पाहिजेत. कापूस आला की त्यांची जिनिंग कोणासाठी थांबत नाही. मागच्या हंगामात आमच्या पुल्या फुटल्या तेव्हा त्यांनी साफ सांगितलं, यंदा शेवटची संधी. ते गेले की बाकीचे जिनिंगवाले जातील, आणि मला फौंड्रीला कुलूप लावून अकरा माणसं घरी पाठवावी लागतील. चारूला हे सांगितलेलं नाही. रमाला न सांगताच कळलंय, कारण ती हल्ली माझ्या ताटात न विचारता तूप वाढते.

६ जुलै

चारू रविवारची घरी होती. पिशवीतून एक खडा काढून माझ्यासमोर ठेवला. चांदीसारखा दिसणारा, पण हाताला हलका आणि ठिसूळ. नाव फेरोसिलिकॉन. गारगोटी आणि लोखंड विजेच्या भट्टीत एकत्र वितळवून करतात, म्हैसूरकडे होतं म्हणे. पोलादवाले ते रसात टाकतात, म्हणजे पोलादात बुडबुडे राहत नाहीत. आणि बिडात टाकलं तर आतला कार्बन मोकळा होऊन काळ्या शिशासारखा बसतो, आणि बीड मऊ राहतं.

"लेडलमागे दोन छटाक पुरे, बाबा. आमच्या सरांच्या ओळखीने अर्धं पोतं मिळतंय."

लेडल म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायचं भांडं. दोघांनी दांड्याला धरून न्यायचं असतं. चार वर्षांपूर्वी असाच एक एजंट 'लोखंडाचं टॉनिक' विकून गेला होता. ते टाकल्याबरोबर लेडल उसळली आणि देवमनची डावी भुवई गेली, ती आजवर उगवली नाही. देवमन माझा साचेवाला, सतरा वर्षांचा सोबती. त्या दिवशी मी शपथ घेतली की माझ्या लोखंडात बाहेरचं काही पडणार नाही.

चारूला तसं सांगितलं. ती म्हणाली, "टॉनिक वेगळं, हे वेगळं. मोजून टाकायचं असतं." मी म्हणालो, लोखंड कॉलेजात जात नाही. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मीच फौंड्रीत येईन, मग बघा." मी म्हणालो, भट्टी हे पोरींचं काम नाही. तिने खडा पिशवीत टाकला आणि स्टेशनवर जाताना माझ्या पाया पडली. रमा भेंडी चिरत सगळं ऐकत होती.

१३ जुलै

आज एक विचित्र गोष्ट झाली. चारूने अमरावतीहून अंगारा आणला. सहा पुड्या, सुतळीने घट्ट बांधलेल्या. रमा म्हणाली, "भाऊजींनी दिलाय. अण्णांच्या होमकुंडातला. उघडायचा नाही. प्रत्येक लेडलमध्ये एक पुडी तशीच सोडायची."

हसू आलं, आणि मग आलं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. अमरावतीतली निम्मी लग्नं आणि मुंजी त्यांनी लावल्या. मी भिक्षुकी सोडून भट्टी धरली, तेव्हा ते म्हणाले, "लोखंड ओतणाऱ्या हाताचं पाणी माझ्या तोंडात पडायला नको." मी पण त्यांचाच मुलगा. चालता झालो. पहिल्या वर्षी ओतलेला पहिला खल आणि बत्ता त्यांना पाठवला, त्याची पोच सुद्धा आली नाही. गेला असेल भंगारात. अण्णा गेले एक्कावन्न साली. निरोप मिळून मी पोचलो तेव्हा माझे थोरले भाऊ दादा राख सावडून परत येत होते. त्यांनाही मी नको ते बोललो. तेव्हापासून सात वर्षं दादांशी बोलणं नाही. चारू त्यांच्याकडे राहते, ते वहिनींमुळे. त्या म्हणाल्या होत्या, भाऊ भांडोत, पोरीने खानावळीत जेवायचं नाही.

आणि आता दादांनी अण्णांच्या कुंडातला अंगारा पाठवला. राखच ती, जळून जाईल, कोणाचं काय बिघडतं? शपथ मोडत नाही. रमाच्या समाधानासाठी टाकीन.

१४ जुलै

टाकलं: नेहमीचंच. आणि अंगारा.

देवमन म्हणाला, "मी हे आता मानत नाही, मालक, तुमाले माहीत आहे. तुमी टाका, मी लेडल धरतो." छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून त्याच्या घरी देव नाहीत. मी म्हणालो, मी तरी कुठे मानतो? आणि पुडी सोडली. वरून लोखंड पडलं तशी आत एक पांढरी लकाकी आली. देवमनने लेडलमध्ये पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि साच्याकडे वळला.

निघालं: सहा पुल्या. सहाच्या सहा राखाडी.

१५ जुलै

धर्मपालने सहाही कापल्या. एकाच हत्याराने. मी लेथशेजारी उभा राहून कीस हातात घेत होतो. अण्णांच्या आठवणीने डोळे भरून आले, ते देवमनने पाहिलं. मी म्हणालो, "देवमन, म्हाताऱ्यानं माफ केलं रे मला." तो हातातली रेती चाळत राहिला. मग म्हणाला, "बरं झालं, मालक."

२८ जुलै

दोन भट्ट्या झाल्या. तेरातल्या तेरा चांगल्या. आजपासून संध्या सुरू केली. वीस वर्षांनी मंत्र आठवतील की नाही वाटलं होतं, पण पळी हातात घेतली आणि एकामागून एक येत गेले. आवाज अण्णांसारखा निघाला.

वाटलं होतं रमाला आनंद होईल. ती दारात उभी राहून तोंडात पदर धरून पाहत राहिली. विचारलं तर म्हणाली, "डोळ्यात गेलं काहीतरी."

१७ ऑगस्ट

या वेळच्या पुड्या हातात तोलून पाहिल्या. राख एवढी जड कशी? आयुष्यात इतका जड अंगारा पाहिला नाही. रमाला म्हणालो, अण्णांच्या पन्नास वर्षांच्या आहुत्या आहेत त्यात, वजन असणारच. तिला एकदम ठसका लागला.

संध्याकाळी चारू माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. रागावणार नाही ना?" चेहरा पडलेला, बोटांनी पदराचं टोक गुंडाळत होती. एकवीस वर्षांची मुलगी असं बसली की बापाला काय ते कळतं. मी म्हणालो, "कोण आहे तो? कॉलेजातला आहे का?" ती माझ्याकडे पाहतच राहिली, मग हसत सुटली, मग रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, वेळ घे, घाई नाही, मी काही अण्णांसारखा नाही. बोलली नाहीच. मुलगा परजातीचा असावा. असो. रमाशी हळूच बोललं पाहिजे.

२२ सप्टेंबर

अठ्ठेचाळीस झाल्या. बारा राहिल्या. खुशालराव स्वतः बैलगाडी, रेल्वे, मोटर अशा तिन्ही वाहनांतून धक्के खात आले आणि पुलीवर बोट फिरवून म्हणाले, "कमलाकांतजी, हे लोखंड तुमचंच आहे ना?" त्यांना अंगाऱ्याचं सांगणार होतो, पण रमाने मधेच चहा आणला.

५ ऑक्टोबर

पितृपक्ष. आज अण्णांची तिथी. सात वर्षांत पहिल्यांदा मी स्वतः श्राद्ध केलं. पान वाढलं, कावळा लगेच शिवला. रमा स्वयंपाकघरात होती, चारू परीक्षेमुळे आली नाही. उद्याच्या शेवटच्या बारा पुल्यांच्या पुड्या तिने आधीच कोणाबरोबर तरी पाठवल्या होत्या, त्या देवघरात ठेवल्या होत्या.

मनात आलं, अण्णांना माझ्या हातचं पाणी नको होतं. आता माफ केलंय, तर आज तरी घ्या. तर्पणाचं उरलेलं पाणी पळीने पुड्यांवर घातलं. प्रत्येकीवर एक पळी. मग कागद कोरडे व्हावेत म्हणून उन्हात ठेवल्या. दुपारी हात लावून पाहिला, खडखडीत वाळले होते.

आज मन फार शांत आहे.

६ ऑक्टोबर, सकाळी

देवघरात लसणाचा वास! चातुर्मासात, श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी! रमाला नको ते बोललो. ती बिचारी शपथा घेत होती की घरात पाकळीसुद्धा नाही. पुड्या घेऊन निघतोय.

६ ऑक्टोबर

देवमनचा पाय भाजला. माझ्यामुळे.

७ ऑक्टोबर

काल लिहिता आलं नाही. पहिली पुडी लेडलमध्ये टाकली, वर लोखंड पडलं आणि लेडल उसळली. पुडी आतून ओली होती. वीस वर्षं मी लोकांवर ओरडतोय की ओला हात घेऊन वितळलेल्या लोखंडाजवळ येऊ नका, घामाचा थेंब पडू देऊ नका. आणि मी पळीने पाणी घातलं! देवमनने लेडल सोडली नाही. सोडली असती तर पलीकडच्या पोराच्या अंगावर गेली असती. त्याने ती सावकाश जमिनीवर टेकवली आणि मग खाली बसला. उजवं पाऊल घोट्यापर्यंत भाजलंय. डॉक्टर म्हणतात पाय वाचेल, पण दोन महिने टेकवायचा नाही.

आज त्याच्या घरी गेलो. त्याची बायको सुंदराबाई दारातच उभी होती. म्हणाली, "तुमच्या देवाचं पानी, अन् पाय आमच्या मानसाचा?" मी मान खाली घातली. मग तिने वाट दिली.

देवमन बाजेवर होता. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "लेडलचं सोडा. तुमी ते पुडी खोलून पाह्यली का?"

"अंगारा उघडायचा नसतो."

"मालक, राख वर तरंगते अन् तिची मळी होते. हे तर लोखंडात विरघळून जाते. मले पयल्याच दिशी समजलं होतं. चारूबाई त्या रविवारी खडा घेऊन आली होती, तो मले बी दाखवला होता तिनं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमी बापाचं नाव घेऊन रडून राहिले होते. मी कोण सांगणारा?"

फौंड्रीत उरलेल्या पुड्यांतली एक घरी आणून उघडली. करडी, चमकणारी भरड. भिजून वाळलेली, लसणाच्या वासाची.

८ ऑक्टोबर

रमा सगळं बोलली. कल्पना तिची. "तुम्ही पोरीचं ऐकेना, पण रागावलेल्या बापाचं ऐकाल असं वाटलं." लेडलमागे किती टाकायचं ते चारूने मोजलं, आणि पाणी लागलं की या भरडीला असाच वास येतो, ते बाधतंसुद्धा, कोरडंच ठेवा, असं आईला बजावलं होतं. मी पळी घालीन हे कोणाच्या स्वप्नात आलं नव्हतं. चारूला ऑगस्टमध्ये सगळं सांगून टाकायचं होतं. आणि मी तिला मुलाचं नाव विचारत होतो!

रमावर ओरडलो नाही. ओरडायला जोरच नव्हता. साठातल्या अठ्ठेचाळीस पुल्या पोरीच्या हिशेबाने झाल्या याचा तर अभिमानच वाटायला पाहिजे. पण खरं लिहायचं तर दुखतंय ते वेगळंच. अण्णांनी माफ केलेलं नव्हतं. कुंडातून काही आलंच नव्हतं. तीन महिने मी एका मेलेल्या माणसाशी समेट करून बसलो होतो आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

आणि दादा! त्यांच्या नावावर हे सगळं चाललं आणि त्यांनी चालू दिलं. माझी गंमत पाहिली. शनिवारी जाऊन जाब विचारतो.

११ ऑक्टोबर, अमरावती

दादांच्या घराच्या बोळात शिरलो तेव्हाच आवाज ऐकू आला. टण, टण, टण. बिडावर बिडाचा. तो मी कुठेही ओळखीन.

दादा मागच्या पडवीत उघड्या अंगाने बसले होते. साठीला आलेला भिक्षुक, नाकाला फडकं बांधलेलं, समोर खल, शेजारी अर्धं पोतं. तळहात बघितले. फोड येऊन फुटलेले, वर हळद लावलेली.

मला पाहून त्यांनी फडकं खाली केलं. "ये कमळू. पोरगी नेणारच होती उद्या, तू काहून आला?"

"भांडायला आलोय."

"भांड. पण हे दोन मोठे खडे फोडू दे आधी."

उभाच राहिलो. विचारलं, जुलैपासून हे तुम्हीच कुटता? म्हणाले, "मग काय चारू कुटेल? तिची परीक्षा आहे. दर शनिवारी बसतो. सहा लेडलच्या सहा पुड्या, दोन दोन छटाक. ती तोलून घेते, माझ्यावर विश्वास नाही तिचा." आणि हसले. सात वर्षांनी त्यांना हसताना पाहिलं. पुढचा एक दात पडलाय, मला माहीत नव्हतं.

"मला कळवावं नाही वाटलं? अंगारा म्हणून पाठवत राहिलात."

"तू माझं पत्र उघडलं असतं?"

नसतं उघडलं.

तेवढ्यात त्यांनी खल रिकामा करायला पालथा केला. तळाला कोरलेला 'क' दिसला. माझा. अडतीस सालचा, पहिल्या भट्टीचा.

"हा अजून आहे?"

"असायला काय झालं? अण्णांचं औषध याच्यातच कुटत होतो, दोन्ही वेळ. दगडी खलाची कच यायची औषधात, हा काही झिजत नाही. अण्णा म्हणायचे, कमळूचं लोखंड कमळूसारखंच आहे, कोणाचं ऐकत नाही."

मी खल हातात घेऊन आत पाहिलं. वीस वर्षं कुटून तळ आरशासारखा झालेला, पण खड्डा पडलेला नाही. पहिल्या भट्टीचं बीड पांढरंच पडलं होतं, नक्की. पुली असती तर मी फेकून दिली असती. खलाला तेच लागतं.

दादा खाली बघत म्हणाले, "तुझ्या हातचं पाणी नको म्हणाले ना? अन् औषध शेवटच्या दिवसापर्यंत तुझ्या हातचं घेत राहिले. मला दिसत होतं. तुला बोलवायला पाहिजे होतं, कमळू. त्यांनी सांगितलं नाही म्हणून मी बोलावलं नाही. चुकलं माझं."

मी त्यांच्या शेजारी बसून रडलो. वहिनी पाणी घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. मग मी म्हणालो, "सरका. तुमचे हात बघा काय झालेत, मी कुटतो."

खल मागितला. दादा म्हणाले, "तो मिळणार नाही. घरात लागतो."

१३ ऑक्टोबर, अकोला

टाकलं: बीड, कोक, चुनखडी. लेडलमागे फेरोसिलिकॉन दोन छटाक, कोरडं, उघड्यावर सगळ्यांसमोर. निम्मं दादांनी कुटलेलं, निम्मं मी. चारूने परीक्षा संपवून येऊन तोललं.

सगळ्यांना नवे बूट. देवमन हट्टाने टांग्यातून आला, बाजेवर बसून लेडलकडे बघत होता. सुंदराबाईंनी त्याच्यासोबत डबा दिला होता, त्यात माझी पण भाकर होती.

निघालं: बारा पुल्या. बाराही राखाडी. उद्या अंजनगावला जातील.

शेवटची लेडल मुद्दाम काही न टाकता ओतली. एक खल, पांढरा, कडक. तळाला 'च' कोरलाय. पुढच्या वर्षी चारू फौंड्रीत आली की तिला लागेल.